अपयशाची भीती आणि मालेगावचा खेळ

धंद्यात बुडालेली माणसे आपल्याला चटकन दिसतात. बुडण्याच्या भीतीने वर्षानुवर्षे काठावर बसून राहिलेली माणसे मात्र कोणाच्या नजरेत येत नाहीत. नाशिकच्या भद्रकालीतील दुकानदार असो, दूध बाजारातील बेकरीवाला असो, द्वारकेजवळचा गॅरेजवाला असो किंवा मालेगावचा यंत्रमागधारक असो, त्याच्याजवळ घटकाभर बसले की एक वाक्य हमखास ऐकू येते. "करायचे तर फार दिवसांपासून मनात आहे, पण फसले तर?" या 'फसले तर'च्या पुढे बोलणे जात नाही. चहा संपतो, गिऱ्हाईक येते, विषय तिथेच राहतो आणि पुढच्या वर्षी तोच विषय त्याच जागी पुन्हा निघतो.

ही भीती खोटी नाही हे आधी मान्य केले पाहिजे. नोकरदाराचे एखादे काम बिघडले तर महिन्याचा पगार सहसा थांबत नाही. कारागिराचे काम बिघडले तर त्या आठवड्याची रोजी जाते. आपल्या बहुतेक लहान व्यापाऱ्यांचे भांडवल एकाच ठिकाणी गुंतलेले असते. त्यात भावांचा वाटा असतो, पत्नीचे दागिने असतात, सूतवाल्याची उधारी असते. अशा माणसाला "हिंमत धरा, पुढे व्हा" असा उपदेश करणे सोपे आहे, पण त्याचा काही उपयोग नाही. हिंमतीच्या उपदेशाने भीती जात नाही, उलट आपण भित्रे आहोत अशी लाज तिच्यात भर घालते.

अभ्यासकांनीही हे तपासले आहे. डॅनियल काह्नेमान आणि अमोस ट्वेर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलेला सिद्धांत अर्थशास्त्रात गाजला. काह्नेमान यांना 2002 साली नोबेल पारितोषिक मिळाले. सिद्धांताचा आपल्या कामाचा भाग असा की, शंभर रुपये मिळाल्याने जेवढा आनंद होतो त्याच्या सुमारे दुप्पट दुःख शंभर रुपये गेल्याने होते. म्हणजे मनाची तराजूच एका बाजूला झुकलेली असते. नफा आणि तोटा यांची शक्यता अगदी सारखी असली तरी मन तोट्याचे पारडे जड धरते आणि माणूस हात आखडता घेतो. मग ही तराजू सरळ कशी करायची? त्याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात सापडते.

सायकलवरचे डाकू

मालेगावची ओळख महाराष्ट्राला यंत्रमागांचे शहर म्हणून आहे. मोसम आणि गिरणा नद्यांच्या काठचे हे गाव 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांनी वाढवले. 1930 च्या दशकात हातमागाच्या जागी यंत्रमाग येऊ लागले. बारा बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा खडखडाट, शुक्रवारची सुट्टी आणि त्या सुट्टीत सिनेमा, असा मजुरांचा क्रम. या गावात शेख नासिर नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवीत होता. लग्नाचे चित्रीकरणही करीत असे. त्याने 2000 साली मित्रांना जमवून 'मालेगाव के शोले' नावाचा चित्रपट काढला. गाजलेल्या 'शोले'ची ती विनोदी नक्कल होती. डाकूंना घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलवरून आले. पडद्यावर सायकलवरचे डाकू दिसताच प्रेक्षक हसून लोटपोट झाले.

पुढे याच मंडळींनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढायला घेतला. सुपरमॅनचे काम करणारा शफीक हा मागावर काम करणारा मजूर, अंगकाठीने अगदी बारीक. पटकथेचे काम फरोग जाफरी यांच्याकडे. कॅमेरा पुढे सरकवण्याची गाडी नव्हती, तेव्हा सायकल वापरली. उंचावरून चित्रण करण्यासाठी क्रेन नव्हती, तेव्हा बैलगाडीचे दांडे उपयोगी पडले. सुपरमॅन आकाशात उडतो हे दाखवण्यासाठी मागे हिरवा कपडा टांगायचे तंत्र नासिरने शिकून घेतले. एकदा चित्रीकरण चालू असताना कॅमेराच पाण्यात पडला. तो दुरुस्त करून आणला आणि काम पुढे चालू झाले. फैजा अहमद खान यांनी या सर्व खटाटोपावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट बनवला. तो देशोदेशी दाखवला गेला आणि 2012 साली आपल्याकडील चित्रपटगृहांतही लागला. पुढे रीमा कागती यांनी याच कथेवर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा चित्रपट काढला. 2025 च्या फेब्रुवारीत तो देशभर प्रदर्शित झाला.

सिनेमा पाहावा की पाहू नये, हा या पानाचा विषय नाही. आपल्याला त्यातील कामाची रीत पाहायची आहे. ज्यांच्याकडे पैसा नाही, शिक्षण नाही, यंत्रे नाहीत, मुंबईत ओळख नाही, अशा माणसांनी अत्यंत किचकट, अनेक हातांचे आणि महिनोन्महिने चालणारे काम पुरे केले. याच माणसांपैकी एखाद्याला कोणी सांगितले असते की, "तू एक नवे कापड बाजारात आण, डिझाईन तुझे, विक्री तुझी", तर तो कदाचित घाबरून मागे सरला असता. मग इथे भीती कुठे गेली?

भीती गेली, कारण त्यांनी त्याला खेळ मानले. या 'खेळ' शब्दात तीन व्यवहारी गोष्टी दडलेल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी कामाचा असा प्रकार निवडला की ज्यात उणीव हीच जमेची बाजू ठरली. खरा 'शोले' काढायला गेले असते तर घोडे नाहीत हे अपयश ठरले असते. नकलेत घोडे नाहीत हाच विनोद झाला. लोक हसले तर काम साधले! ज्या हसण्याची आपण धंद्यात सर्वात जास्त धास्ती घेतो, तेच हसणे त्यांनी मालात बसवले. दुसरी गोष्ट म्हणजे रोजीरोटी त्या डावावर लावलेली नव्हती. शफीकचे मागावरचे काम चालू होते, नासिरच्या हाताशी पार्लर होते. आणि तिसरी गोष्ट, ते एकटे नव्हते. दहा मित्रांनी मिळून केलेली फजिती ही फजिती राहत नाही, ती आठवण होते.

कच्चे लिंबू

लहानपणी गल्लीत लपंडाव किंवा लगोरी खेळताना एखाद्याचा धाकटा भाऊ "मलाही घ्या" म्हणून रडत येई. त्याला घ्यावे तर तो लगेच बाद होणार, न घ्यावे तर घरी जाऊन चुगली करणार. मग मुले त्याला कच्चे लिंबू करीत. कच्चे लिंबू सर्वांबरोबर पळते, लपते, पडते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. एक-दोन महिने असे खेळल्यावर ते पोर आपोआप पक्का गडी होऊन जाते. शिकवण्याची यापेक्षा शहाणी पद्धत मोठमोठ्या संस्थांनाही सुचलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मोठेपणी आपण ही सवलत गमावतो. चाळीस वर्षांचा माणूस नव्या धंद्यात पाऊल टाकतो तेव्हा तो खरे तर कच्चे लिंबूच असतो. पण वयाचा मान, जुन्या दुकानाचे नाव आणि बिरादरीतील प्रतिष्ठा यांमुळे पहिल्या दिवसापासून पक्का गडी म्हणून उतरण्याचा त्याचा हट्ट असतो. सुरुवातच मोठ्या फलकाने, मोठ्या दावतीने, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन करून होते. आता मागे फिरणे म्हणजे सर्वांसमोर बाद होणे. भीती इथे जन्म घेते. तिचे मूळ कामात थोडे आणि थाटामाटात फार असते.

याला पुष्टी देणारा एक मजेदार प्रयोग आहे. टॉम वुजेक नावाच्या गृहस्थांनी तो अनेक देशांत अनेक गटांकडून करून घेतला आणि 2010 साली एका भाषणात त्याचे निष्कर्ष सांगितले. प्रत्येक गटाला जाड शेवयांसारख्या वीस कोरड्या काड्या, थोडी चिकटपट्टी, थोडा दोरा आणि एक मऊ मिठाईचा गोळा द्यायचा. अठरा मिनिटांत उंचात उंच मनोरा उभा करून गोळा त्याच्या टोकावर ठेवायचा. व्यवसाय व्यवस्थापनाचे पदवीधर यात सर्वात मागे राहणाऱ्यांपैकी निघाले आणि बालवाडीची मुले त्यांच्या पुढे गेली. पदवीधर आधी नेता कोण यावर झटत, मग बेत आखत, मग मनोरा रचत आणि शेवटच्या मिनिटाला गोळा वर ठेवत. गोळ्याच्या वजनाने मनोरा कोसळे आणि दुरुस्तीला वेळ उरत नसे. मुलांनी गोळा पहिल्यापासून हाताशी ठेवला. छोटा मनोरा केला, पडला, पुन्हा केला. अठरा मिनिटांत त्यांचे अनेक वेळा पडून झालेले असे.

त्यातील पुढची गोष्ट तर व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकदा त्यांनी विजेत्याला दहा हजार डॉलर किमतीचे बक्षीस जाहीर केले. दहा गट उतरले. एकाचाही मनोरा उभा राहिला नाही. डाव मोठा झाला की हात थरथरतो.

भंगाराचा डबा

आपल्या जुन्या कारखान्यांत ही खेळाची जागा ठरलेली होती. टेलर उस्ताद नव्या शागीर्दाला गिऱ्हाईकाच्या कापडाला हात लावू देत नसे. त्याच्यापुढे कातरणांचा ढीग टाकी. त्यावर तो पोरगा तुरपाई करी, काज करी, उसवी, पुन्हा शिवी. सुतार उस्ताद फळ्यांचे उरलेले तुकडे देई. गॅरेजमध्ये नव्या पोराला एखादे भंगारातले कार्बोरेटर मिळे. तो ते दहा वेळा उघडी, दहा वेळा जोडी, आणि प्रत्येक वेळी एखादा स्क्रू हातात उरे. उस्ताद ओरडे, पण नुकसान कोणाचेच होत नसे.

गंमत अशी की हा डबा फक्त शागीर्दासाठी राहिला. पोरगा उस्ताद झाला की डबा सुटला. त्यानंतर वीस वर्षे तो तेच पाच नमुने शिवतो, कारण आता प्रत्येक कापड गिऱ्हाईकाचे आहे आणि चुकायला जागाच नाही. मालेगावातील कित्येक यंत्रमागधारक अशा तऱ्हेने वर्षानुवर्षे तेच ग्रे कापड काढत आहेत. सुताचा भाव चढला की रडायचे, कापडाचा भाव उतरला की माग बंद ठेवायचे. वडिलांचा हा रोजचा ताण पाहणारा मुलगा सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात नोकरी शोधतो. हुनर एका पिढीत घरातून निघून जाते. भीतीची ही किंमत कोणत्याही वहीत मांडलेली नसते.

तेव्हा उस्तादानेही स्वतःसाठी भंगाराचा डबा पुन्हा काढावा. आठ माग असतील तर एका मागावर, एकाच बीमपुरते, वेगळे काहीतरी विणून पाहावे. रंगीत धार काढावी, पोत बदलावा. ते कापड विकले जाईल अशी अपेक्षा मुळीच धरू नये. ते हातात घेऊन चार दुकानदारांना दाखवावे आणि ते काय नावे ठेवतात ते ऐकावे. ऐकताना वाद घालू नये. ज्या कापडावर आपली रोजी नाही त्याला ठेवलेली नावे शांतपणे ऐकता येतात, हाच या युक्तीचा फायदा आहे.

डाव कसा मांडावा

बेकरीचे उदाहरण घेऊ. समजा एखाद्याला सुंठीची नानखटाई काढायची आहे. भीती बाळगणारा बेकरीवाला दोन टोकांपैकी एक धरतो. एक तर काहीच करत नाही, किंवा एक दिवस जोशात येऊन नवी भट्टी, छापील खोके आणि फलक यांवर तीन लाख रुपये घालतो. खेळाच्या रीतीने करायचे तर हिशेब असा होतो. दर गुरुवारी एक ट्रे, सहा आठवडे. एका ट्रेला 350 रुपये खर्च धरला तर सहा ट्रेंचे 2,100 रुपये. हे 2,100 रुपये पहिल्याच दिवशी गेले असे समजून वहीत खर्ची टाकावेत. आता त्याच्याकडे हरण्यासारखे काही उरलेच नाही. पहिल्या गुरुवारी माल करपला तर वहीत लिहावे, दुसऱ्या गुरुवारी आच कमी करावी. तिसऱ्या गुरुवारी सुंठ फार झाली असे एखादी ग्राहक बहीण सांगेल, तेही लिहावे. सहाव्या गुरुवारी डाव संपला. पुढे चालवायचे की नाही ते त्या दिवशी ठरवावे, त्याआधी नाही.

सहा आठवड्यांची मुदत मोडू नये यावर माझा फार भर आहे. खेळाला सुरुवात आणि शेवट असतो म्हणून तो खेळ असतो. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी 1938 साली खेळ या विषयावर एक ग्रंथच लिहिला. त्यांनीही हेच लक्षण सांगितले आहे की, खेळाची वेळ आणि जागा रोजच्या व्यवहारापासून वेगळी काढलेली असते. मुदत नसलेला प्रयोग हळूहळू डोक्यावर बसतो आणि त्याची पुन्हा भीती वाटू लागते.

वहीत फार लिहायचे नाही. काय केले, काय झाले, पुढच्या वेळी काय बदलणार, एवढे पुरे. वही दुकानातील पोराच्या हाती दिली तर अधिक चांगले. मालक चुकतो आणि ते लिहूनही घेतो, हे पाहिले की पोरगाही आपली चूक लपवत नाही. ज्या कारखान्यात चूक लपवली जाते तिथे बिघडलेला माल गठ्ठ्याच्या आत दडपला जातो आणि थेट गिऱ्हाईकाच्या घरी उघडतो.

खेळ आणि जुगार

इथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या बोलीत मटका लावणाराही "खेळतो" असेच म्हणतात. त्यामुळे धंद्यात खेळा असे म्हटले की काही वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतील. त्यांची शंका रास्त आहे. दोन्हींतील फरक असा की जुगारात हरलेला माणूस हरलेले भरून काढण्यासाठी डाव वाढवत जातो. खेळात डाव आधीच ठरलेला असतो. हरला की मूल घरी जाते, जेवते आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच डाव पुन्हा मांडते. जुगारी चुकीतून काही शिकत नाही, कारण पत्त्याला किंवा आकड्याला शिकण्यासारखे काही नसते. कारागिराच्या प्रत्येक फसलेल्या ट्रेमधून आच, वेळ आणि माप यांची माहिती मिळते. जुगार आपल्याला हराम आहेच. शिवाय कोणी नव्या धंद्यातील गुंतवणूक तोटा भरून काढण्यासाठी दुप्पट करत असेल तर त्याने आपण कोणत्या बाजूला सरकलो आहोत ते स्वतःला विचारावे.

आणखी काही गोष्टींशी खेळ मुळीच चालत नाही. मजुराची मजुरी, गिऱ्हाईकाने शिवायला दिलेले कापड, कोणाची ठेवलेली अमानत, उधारीवर आणलेले सूत, घरच्या औषधपाण्याचा पैसा यांतून डाव मांडू नये. जो पैसा गेला तर फक्त आपल्यालाच थोडी हळहळ वाटेल, तेवढाच खेळाचा पैसा. आपल्यापैकी पुष्कळांकडे तो फार थोडा आहे हे खरे. ज्याच्याकडे तोही नाही त्याने वेळेचा डाव मांडावा. शुक्रवारच्या सुट्टीचे दोन तास आणि कातरणांचा ढीग यांना भांडवल लागत नाही.

मालेगावच्या कथेतही खेळाने सर्व प्रश्न सोडवले असे नाही. सुपरमॅन झालेला शफीक 2011 साली कर्करोगाने गेला. देशभर नाव झाले तरी यंत्रमागाच्या मजुराचे जिणे त्यामुळे सुखाचे झाले, असे म्हणता येणार नाही. नासिरला मात्र त्या कामातून पुढची कामे मिळाली, 'मालेगाव का चिंटू' ही मालिका दूरचित्रवाणीवर आली. खेळ हा मजुरीला, विम्याला किंवा दवाखान्याला पर्याय नव्हे. तो भीतीवरचा इलाज आहे आणि त्याची मर्यादा तेवढीच आहे.

राहिला प्रश्न लोकांच्या हसण्याचा. चौकातली मंडळी हसतील हे गृहीतच धरावे. त्यावर मालेगावकरांची युक्ती अशी की, त्यांनी हसण्याआधीच हसायला दिले. बेकरीवाल्याने पहिल्या ट्रेवर "नवशिक्याची नानखटाई, निम्म्या भावात" अशी चिठ्ठी लावली तर हसणाऱ्याच्या हातात करण्यासारखे फारसे उरत नाही. तो हसतो, एक उचलून खातो आणि मत सांगून जातो. ते मत वहीत जाते.

डावाची वेळ तेवढी जपून निवडावी. रमजान, ईद किंवा लग्नसराईच्या तोंडावर नवा प्रयोग करू नये. ते दिवस पक्क्या मालाचे आणि पक्क्या कमाईचे असतात, तेव्हा हात बांधलेले असावेत. ईद झाल्यावर बाजार थंड पडतो, दुकानात माशा मारत बसावे लागते आणि कारागीरही निम्मे गावी गेलेले असतात. भट्टी तशीही अर्धीच पेटते. पहिला गुरुवार त्या आठवड्यातला धरावा.